मोटारींतील उष्मा

१९५९ ते १९६७ या कालांत इंग्लंडांत तयार झालेली ‘ऑस्टिन-हीली ३०००’ ही स्पोर्ट्स मोटार जितकी देखणी, तितकीच आंत बसणाराचे पाय भाजण्याविषयीं प्रसिद्ध आहे. तिचें २९१२ घनसेंटिमीटरांचें एंजिन पायांच्या पुढेंच असून धूर नेणारी नळी तळाखालून जाते. पुष्कळ हौशी मंडळी जाड गालिचा अंथरून स्वस्थ बसतात. हा उपाय आम्हांस अपुरा वाटतो. ज्या फटींतून उष्मा शिरतो, त्यांतूनच धुरांतील कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही शिरूं शकतो. त्यास ना रंग, ना वास. म्हणून प्रथम नळीचे सांधे तपासावे, एंजिनामागील पत्र्याचीं भोंकें रबरानें बुजवावीं, गिअरबॉक्सवरील झांकणाच्या कडा हवाबंद कराव्या. मगच उष्णतारोधक थर द्यावा. चटका निदान सूचना तरी देतो. वायू तीही देत नाहीं.