चिमणीखालचा बाजार

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुंबईला गेलो ते बाजार पाहायला नव्हे. आमचे चाचा तरुणपणी गिरणीत होते. गिरणी कामगारांच्या घरांसाठी त्यांचे कागद द्यायचे होते. सेनगावहून एसटीने हिंगोली, पुढे परभणी आणि रात्री देवगिरी एक्स्प्रेस. चाचा, आम्ही दोघे नवरा-बायको आणि दहावीतली लेक. चाचांच्या पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं जुनं हजेरीकार्ड होतं. त्यावरचा तिकीट नंबर अजून वाचता येत होता, अल्हम्दुलिल्लाह.

वांद्र्याला कागद देऊन पावती हातात पडेपर्यंत बारा वाजले. गाडी रात्रीची. लेकीनं मोबाइलवर टोकियोतल्या गिन्झा बाजाराची चित्रं पाहिली होती. "अब्बू, मुंबईत असं काही आहे का?" आम्ही काही बोलायच्या आत चाचा म्हणाले, "है ना. लोअर परळ चलो. फिनिक्स मिल में मॉल हुआ बोलते."

चाळीस वर्षांत ते तिकडे फिरकले नव्हते.

गिन्झाबद्दल आम्ही लेकीला लोकलमध्ये जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. तिथे 1612 मध्ये चांदीची टांकसाळ होती, त्यावरून ते नाव पडलं. 1872 च्या आगीत वस्ती जळाली, तेव्हा सरकारनं विटांची नवी पेठ उभारली. आज जगातली महागडी दुकानं तिथे आहेत, आणि 1970 पासून सुट्टीच्या दिवशी मुख्य रस्त्यावर वाहनं बंद करून तो पायी चालणाऱ्यांसाठी मोकळा ठेवतात.

स्टेशनाबाहेरच्या एका छोट्या मशिदीत आम्ही जोहर पढली. मुसाफिर म्हणून कसर, दोनच रकात. लेक आणि तिची अम्मी आवारातल्या बाकावर बसून राहिल्या. तिथून सेनापती बापट मार्गावरचा मॉल पायी जवळ आहे.

फिनिक्स मिल्स ही 1905 ची कंपनी. जिथे सूत निघायचं तिथे नव्वदच्या दशकात आधी बोलिंगचा खेळ आला, मग दुकानं, सिनेमागृह, आणि 2009 मध्ये पॅलेडियम नावाचा आणखी महागडा भाग. दारात पिशव्या मशीनमधून गेल्या. आत थंडगार हवा, अत्तराचा वास आणि फरशी अशी की चाचा चप्पल काढू लागले. लेकीनं त्यांचा हात धरला. एका कॉफीची किंमत वाचून ते हसले. खाणावळीला ते महिन्याचे त्याहून कमी भरत.

आम्हाला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल. पण ते सारखे वर बघत होते. "चिमनी किधर है?" आणि मोकळ्या चौकात आल्यावर ती दिसली, इमारतींच्या मधोमध उभी. चाचांनी मान मागे टाकून ती नीट पाहिली. ते शेजारच्या गिरणीत साचा खात्यात बदली होते. भोंगा वाजला की दारात उभं राहायचं, कोणी गैरहजर असला तर काम मिळायचं, नाहीतर परत खोलीवर. खोलीत पंधरा माणसं, पाळीनं झोपणारी.

साचा खात्यात आपले मोमीन विणकर पुष्कळ. धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढावा लागे, आणि या उष्ट्याचं कारण पुढे करून दलितांना त्या खात्यात, म्हणजे जास्त पगाराच्या कामात, घेत नसत. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी यावर आवाज उठवला होता. आपण इतिहास शिकवतो आणि हे मुलांना सांगायचं राहून जातं, हे आम्हाला तिथे उभं असताना जाणवलं.

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. चाचांनी वर्षभर वाट पाहिली, मग सेनगावला येऊन आठवडी बाजारात कापड मांडून बसले. जमिनीचं पुढे काय झालं? 1991 च्या नियमात गिरणीच्या जागेचे तीन वाटे होते: शहराला मोकळी जागा, घरांसाठी म्हाडाला, आणि मालकाला. 2001 मध्ये बदल झाला, वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची. ज्या जागेवर इमारती उभ्या होत्या ती हिशेबातच आली नाही. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा बदल कायम ठेवला. घरांसाठी दीड लाखाहून अधिक अर्ज आहेत, घरं त्यामानाने फार थोडी.

एका कपड्याच्या दुकानात चाचा शिरले, आम्ही संकोचून मागे. त्यांनी एका सदऱ्याची कड दोन बोटांत चोळली, उजेडाला धरली. "सूत अच्छा है, बुनाई ढीली है." दुकानातला मुलगा जवळ आला. आता हाकलतो की काय, असं वाटलं. पण त्यानं विचारलं, "चाचा, कुठले तुम्ही?" तो निघाला जिंतूरचा. त्यानं स्टूल आणून दिलं आणि दुसरे दोन सदरे दाखवले, यात फरक काय सांगा म्हणून. चाचा दहा मिनिटं बोलत होते. ताणा, बाणा, कांजी. लेक ऐकत होती. घरात त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं.

आम्ही काही घेतलं नाही. बाहेर फुटपाथवर लेकीनं शंभर रुपयांत दोन जोड मोजे घेतले, चाचांनी भाव वीसनं उतरवला.

गाडीत ते वरच्या बर्थवर जायला तयार नव्हते, पिशवी उशाशी हवी होती. पावती हजेरीकार्डाबरोबर त्याच प्लास्टिकमध्ये ठेवली आहे. दर महिन्याला ते काढून बघतात, आणि लेकीला विचारतात, मोबाइलवर काही आलं का.