शरीराचा जमाखर्च

सांगली जिल्ह्यातील विटा व त्याच्या आसपासची गावे सोन्याचांदीच्या गलाईसाठी प्रसिद्ध आहेत. येथील कारागीर भारतातील अनेक शहरांत जाऊन हा व्यवसाय करतात. जुना दागिना मुशीत घालण्यापूर्वी तोलतात आणि शुद्ध झालेले सोने पुन्हा तोलतात. वजन घटले, तर त्या घटीचा हिशेब द्यावा लागतो. मुलांनो, आपल्या शरीराच्या वजनाचाही असाच हिशेब मांडता येतो.

समजा, तुम्ही अर्धा किलो अन्न खाल्ले व पाव किलो पाणी प्यालात. लगेच काट्यावर उभे राहिलात, तर वजन पाऊण किलोने अधिक भरेल. अन्न भाकरीचे असो की मिठाईचे, काट्याला त्याचे काय? तो केवळ वजन जाणतो, पोषण जाणत नाही. मग दुसऱ्या दिवशी सकाळी ही वाढ जाते कोठे?

या प्रश्नाचा छडा लावण्यासाठी इटलीतील सांतोरिओ या वैद्याने तराजूला टांगलेली खुर्ची बनविली. स्वतःचे, अन्नाचे व मलमूत्राचे वजन त्याने अनेक वर्षे नोंदविले आणि १६१४ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. खाल्ल्याप्यालेल्या आठ भागांपैकी सुमारे पाच भाग डोळ्यांना न दिसताच निघून जातात, असे त्यास आढळले. त्वचेवाटे व श्वासावाटे बाष्प जाते. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड वायूबरोबर अन्नातील कार्बनही जातो, हे आज आपणांस ठाऊक आहे.

सांगली-सातारा भागात कुस्तीची आवड मोठी. वजनगटांच्या कुस्तीत हा चढउतार फार मोलाचा ठरतो. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटात अंतिम फेरीत पोहोचली. पहिल्या दिवशी तिचे वजन मर्यादेत होते. लढतींसाठी शक्ती हवी म्हणून अन्नपाणी घेताच ते वाढले. रात्रभर घाम गाळूनही सकाळी ते १०० ग्रॅम अधिक भरले आणि ती स्पर्धेतून बाद झाली. ते १०० ग्रॅम म्हणजे जेमतेम अर्धा पेला पाणी!

म्हणून एका दिवसाच्या चढउताराने हुरळू नये वा खचू नये. वजन पाहावयाचे तर सकाळी, न्याहारीपूर्वी, एकाच काट्यावर पाहावे आणि अनेक महिन्यांच्या नोंदी ताडून पाहाव्यात. वाढत्या वयात वजन वाढणे स्वाभाविकच आहे. काट्याच्या भयाने ताटातील भाकरी दूर सारणे हे मात्र शहाणपणाचे नव्हे.