देवासची गजराबाई

माळव्यात धारप्रमाणेच देवासलाही पवारांचे राज्य होते. तेथील घाटगे घराण्यातील गजराबाई १८८५ साली कोवळ्या वयात सयाजीराव गायकवाडांच्या पत्नी आणि बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई झाल्या. त्यांचा विद्याभ्यास विवाहानंतर झाला. पुढे त्यांनी पडदाही झुगारला. भारतीय स्त्रीच्या स्थितीवर सहलेखनाने लिहिलेला त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९११ साली निघाला. १९२७ साली पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या पहिल्या अध्यक्षा होत. परिषदेने बालविवाहाविरुद्ध मोहीम चालविली आणि १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ ठरविले. १९५८ साली चिमणाबाई निवर्तल्या. स्वतः लहानपणी बोहल्यावर चढलेल्या स्त्रीने इतर मुलींचे बाळपण राखावयास झटावे, यातच त्यांची थोरवी आहे.