पश्चिमेची भिंत आधी बघा : घाटमाथ्याच्या पावसात घराची डागडुजी

भीमाशंकर ते मंचर हे अंतर रस्त्याने साठेक किलोमीटर. एवढ्या अंतरात पाऊस किती बदलतो हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. भीमाशंकरच्या माथ्यावर वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. मंचरच्या बाजूला त्याच्या पाव हिस्सा पडला तरी लोक वर्ष चांगलं गेलं म्हणतात. घोडेगाव मधोमध. पूर्वी घरंही त्याच हिशेबाने असायची. पश्चिमेकडे उतरतं छप्पर, कारवीच्या कुडाच्या भिंती, त्यावर शेणमातीचा लेप. पूर्वेकडे जाड मातीच्या भिंती. आता मात्र मंचरपासून थेट डिंभ्याच्या वरपर्यंत एकच नकाशा चालतो : चार कॉलम, वर सपाट स्लॅब, पुढे टाइल्सचा ओटा. पाऊस आपला नकाशा बघून पडत नाही, म्हणून मग जुलैमध्ये बादल्या ठेवायची वेळ येते.

जुन्नर, घोडेगाव, मंचर इथल्या आपल्या मोहल्ल्यांतली अनेक कुटुंबं सध्या आजोबांच्या वेळची घरं दुरुस्त करत आहेत किंवा पाडून नवी बांधत आहेत. आम्हीही आमचं घर तीन टप्प्यांत दुरुस्त करून घेतलं. त्यात आणि आसपासच्या घरांत जे पाहिलं, इंजिनिअर आणि जुन्या गवंड्यांकडून जे समजून घेतलं, ते इथे मांडत आहोत.

सुरुवात पश्चिमेच्या भिंतीपासून करू. आपल्याकडे किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. आणि पावसाळी वाराही नैऋत्य-पश्चिमेकडूनच झोडपतो. म्हणजे घरात ज्या भिंतीकडे तोंड करून नमाज पढली जाते, जिच्या कोनाड्यात कुरआन शरीफ ठेवलेलं असतं, तीच भिंत सगळ्यात आधी ओली होते. (कोनाड्याला आपण घरात ताक म्हणतो, मराठीत तसं म्हटलं की लोक वाटी घेऊन येतील.) कोनाडा म्हणजे भिंतीची कमी केलेली जाडी. तिथे ओल लवकर आत येते, आणि जिल्दी बांधलेल्या जुन्या किताबांना बुरशी धरते. मे महिन्यातच किताबं काढून आतल्या भिंतीवरच्या लाकडी फळीवर ठेवलेली बरी.

ओल दिसली की लगेच रंगाचा डबा आणायला धावू नये. आधी ती कुठून येते ते ओळखायचं. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत पट्टा आणि त्यावर पांढरी पूड, म्हणजे लोणा लागलेला असेल, तर पाणी जोत्यातून वर चढतंय. वरून खाली येणारा डाग असेल तर छप्पर किंवा खिडकीच्या वरचा सज्जा बघा. आणि डाग एप्रिलमध्येही ओला असेल तर तो पावसाचा नाहीच. मोरी, वुजूचा नळ किंवा भिंतीतला पाइप गळतोय. तिन्हींचा इलाज वेगळा आहे. रंग तिन्हींवर एक हंगाम झाकण घालतो, बस्स.

जुन्या मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करणं हा आपल्या भागातला सर्वांत महागडा गैरसमज आहे. मातीची भिंत पाणी शोषते आणि सोडतेही. बाहेरून सिमेंटचं कवच घातलं की बारीक भेगांतून पाणी आत शिरतं, पण बाहेर पडायला वाट राहत नाही. आतली माती मऊ होत जाते, वरून भिंत चकचकीत दिसते, आणि काही पावसाळ्यांनी गिलावा मातीसकट सुटून येतो. मातीच्या भिंतीला मातीचा किंवा चुना-वाळूचा गिलावा, वर चुन्याचा हात, आणि छपराची पागोळी अडीच-तीन फूट बाहेर. दिसायला साधं, पण टिकतं. अशा भिंतीवर वरचा मजला चढवायचा विचार तर मनातही आणू नये. तिला तेवढा भार पेलत नाही. मजला हवाच असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सल्ल्याने वेगळे कॉलम जमिनीतून उचलावे लागतात.

आता स्लॅब. ‘सपाट’ स्लॅबही खरा सपाट नसतो, नसावा. शंभर फुटांना एक फूट, म्हणजे दहा फुटांना सव्वा इंच एवढा तरी उतार पाण्याला हवा, आणि निचऱ्याचे पाइप चार इंची. घाटाकडे तर एकाच्या जागी दोन पाइप ठेवावेत, कारण एक पानांनी तुंबतोच. कठड्याची भिंत आणि स्लॅब जिथे मिळतात तो कोपरा ही गळतीची हमखास जागा. तिथे काटकोन न ठेवता गोलाई द्यायची असते. विटांच्या तुकड्यांचा कोबा केल्यावर पाइपांची तोंडं बंद करून स्लॅबवर दोन-तीन इंच पाणी निदान दोन दिवस उभं ठेवायचं आणि खालून छत बघायचं. आमच्याकडच्या ठेकेदाराला हे म्हणजे त्याच्यावर अविश्वास वाटला. आम्ही तरीही पाणी साठवलं. दुसऱ्या दिवशी जिन्याच्या कोपऱ्यात रुपयाएवढा डाग उमटला, आणि तो शेवटचा हप्ता द्यायच्या आधी उमटला हे महत्त्वाचं.

सेंट्रिंग काढायची घाई ही दुसरी गोष्ट. भाड्याच्या प्लेटा पुढच्या साइटवर न्यायच्या असतात, म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशीच टेकू हलायला लागतात. आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू निदान ७ दिवस, त्याहून मोठ्या स्लॅबचे १४ दिवस. बीमचे सहा मीटरपर्यंत १४ आणि त्यापुढे २१ दिवस ठेवायचे असतात. पाणी मारणं साध्या सिमेंटला ७ दिवस, पण आता बाजारात बहुतेक राखमिश्रित पीपीसी मिळतं, त्याला दहा ते चौदा दिवस धरावेत. हे काम घरच्यांनीच अंगावर घ्यावं. सध्या रमजान नेमका बांधकामाच्या हंगामात येतो (२०२६ मध्ये फेब्रुवारी-मार्च). रोजा धरून भर उन्हात स्लॅबवर चढणं अवघड असतं. आळी करून त्यात सहरीनंतर आणि असरनंतर असं दोन वेळा पाणी भरलं तरी भागतं.

ज्यांची घरं कौलारू आहेत त्यांनी ती कौलं काढायची घाई करू नये असं आमचं मत आहे. दरवर्षी शाकारणी करावी लागते, माकडं नाचतात, जाणकार माणूस मिळत नाही, हे सगळं खरं. पण पाणी ओघळून जाणारं छप्पर या पावसाला स्लॅबपेक्षा जास्त मानवतं. म्हणूनच स्लॅबवाले पुन्हा वर लोखंडी सांगाडा उभा करून पत्रा टाकतात! पत्रा टाकताना स्क्रू पन्हाळीच्या उंचवट्यावर मारायचे, खोलगट भागात नाही. पाणी खोलगट भागातूनच वाहतं. रबरी वायसर काही वर्षांत कडक होतात, ते बदलायचे. आणि सांगाडा स्लॅबला नुसता टेकवलेला नको, बोल्टने धरलेला हवा. ३ जून २०२० ला श्रीवर्धनच्या बाजूने आलेलं निसर्ग वादळ घाट ओलांडून जुन्नर, आंबेगाव, खेडमध्ये शिरलं तेव्हा घरांचे आणि शाळांचे पत्रे उडाले. समुद्रापासून एवढ्या आत असं वादळ येईल हे कोणाच्या हिशेबात नव्हतं.

इथपर्यंतच्या चुका पैशाने भरून निघतात. जमिनीची चूक भरून निघत नाही. आंबेगाव तालुक्यातलं माळीण ३० जुलै २०१४ च्या सकाळी दरडीखाली गेलं. १५१ माणसं गेली. एसटीच्या चालकाला रस्त्यावरून गाव दिसेना, तेव्हा बातमी बाहेर पोचली. अतिवृष्टी हे कारण तर होतंच. पण उतारावरचं सपाटीकरण आणि झाडोरा कमी होणं याकडेही जाणकारांनी बोट दाखवलं. वाचलेल्यांचं पुनर्वसन आमडे इथे झालं, २०१७ च्या एप्रिलमध्ये नवी घरं ताब्यात मिळाली, आणि त्याच वर्षीच्या पहिल्या पावसांत नव्या वस्तीतले रस्ते खचले, भराव वाहून गेला. हा दुसरा भाग घर बांधणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा. उतार कापून एका बाजूला माती काढायची आणि दुसऱ्या बाजूला तीच टाकून प्लॉट सपाट करायचा, हे जेसीबीला एका दिवसाचं काम आहे. पण टाकलेली माती म्हणजे जमीन नव्हे. ती थराथराने दाबावी लागते, बसायला वेळ द्यावा लागतो, आणि शक्यतो पाया कापलेल्या मूळ जमिनीवरच घ्यावा लागतो.

डोंगराच्या कुशीत घर असेल तर घरामागून चर खणून वरचं पाणी बाजूला वळवणं हे टाइल्सच्या आधीचं काम आहे. संरक्षक भिंत बांधली तर तिला पाणी बाहेर पडायला भोकं हवीत आणि मागे दगडगोट्यांचा थर हवा. नाही तर भिंतीमागे साठलेलं पाणीच तिला ढकलतं. मुसळधार पावसात वरच्या बाजूला जमिनीला नवी भेग पडणं, विजेचा खांब किंवा झाड कलणं, दारं अचानक अडकू लागणं, कोरड्या जागी गढूळ झरा फुटणं ही धोक्याची चिन्हं आहेत. अशा वेळी सामान आवरत बसायचं नाही. माणसं बाहेर काढायची आणि तहसीलदार कचेरीला कळवायचं.

विजेबद्दल थोडक्यात. ओल्या भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर ती ओल नव्हे, जीवघेणी गळती आहे. अर्थिंग तपासून घ्या आणि मेन स्विचजवळ ईएलसीबी किंवा आरसीसीबी बसवा. एमसीबी हा त्याला पर्याय नाही. तो वायर वाचवतो, माणूस नाही.

पैशाची बाजू आपल्याकडे जरा वेगळी असते. व्याज नको म्हणून अनेक घरं बिशी, पीएफ, एखादा दागिना आणि भावकीतला कर्ज-ए-हसना यांवर टप्प्याटप्प्याने उभी राहतात. त्यात गैर काही नाही, फक्त टप्पे पावसाच्या हिशेबाने पाडायला हवेत. दिवाळीनंतर सुरू करून मेअखेर जे काम छपरासकट बंद होतं तेवढंच हाती घ्यायचं. पुढच्या मजल्यासाठी उघड्या सोडलेल्या सळ्यांना सिमेंटचं पाणी लावून झाकावं, नाही तर त्या गंजतात आणि खालचं काँक्रीट फोडतात. कर्ज-ए-हसना असो की ठेकेदाराशी ठरलेला दर, लिहून ठेवा. देण्याघेण्याचा लेखी करार आणि साक्षीदार यांचा हुकूम सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे, आणि ती कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे. तरी आपल्याकडे लिहायला सांगितलं की समोरच्याला वाईट वाटतं.

आणि हे लिखाण सर्वांत जास्त जिथे लागतं ती जागा म्हणजे आजोबांच्या किंवा अब्बांच्या नावावरचं घर. एक भाऊ गावात राहतो, कमाई घालून दुरुस्ती करतो, बाकीचे पुण्या-मुंबईला, बहिणी सासरी. दहा वर्षांनी वाटणीचा विषय निघतो तेव्हा गावातला भाऊ म्हणतो घर मी उभं केलं, आणि बहिणींचं नावही निघत नाही. शरियतप्रमाणे मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्मा, आणि तो ठरलेला आहे. लग्नात दिलेल्या भांड्यांनी तो फिटत नाही. म्हणून कामाला हात लावण्याआधी ग्रामपंचायतीचा नमुना ८ किंवा सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड काढून नावं बघावीत, वारस नोंद करून घ्यावी, सगळ्या भावाबहिणींना एकत्र बसवून जुन्या घराची किंमत आणि नवा खर्च वेगवेगळा लिहावा, सह्या घ्याव्यात. एखादी बहीण खरोखर राजीखुशीने हिस्सा सोडत असेल तर तिचं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलं जातं. ते तिला वाचून दाखवून, समजावून, तिच्या हातात वेळ देऊन करावं. सिमेंटची गाडी दारात उभी असताना नव्हे.