आंब्याच्या सालीवरचे दगडफूल



गेल्या पावसाळ्यात कांजूरमार्गहून पवईमार्गे आरेतल्या एका पाड्यावर गेले होते. अंगणातल्या जुन्या आंब्याच्या खोडावर राखाडी-हिरवट डाग दिसले. झाडाला रोग लागला असे समजून मी ते नखाने खरवडू लागले. तेव्हा घरातल्या वारली आजी म्हणाल्या, "बाय, राहू दे ते. मी लगीन होऊन आले तवापासून हाय. झाडाला काय करत नाय."

आजींचे म्हणणे खरे आहे. ते डाग म्हणजे शैवाक. गोड्या मसाल्यातले दगडफूलही शैवाकच. नावात दगड असला तरी बाजारातले बरेचसे दगडफूल झाडांच्या सालीवरून काढलेले असते. बुरशी आणि शेवाळ यांच्या एकत्र राहण्यातून शैवाक बनते. बुरशी निवारा देते, शेवाळ उन्हावर अन्न तयार करते. झाडाकडे ती फक्त जागा मागतात.

शैवाकाला मुळे नसतात. पाणी आणि क्षार ते पावसातून व हवेतून सर्वांगाने शोषते. त्याबरोबर धूर आणि विषारी वायूही आत जातात. म्हणूनच शैवाकांवरून हवा किती शुद्ध आहे ते कळते, हे फिनलंडचे शास्त्रज्ञ विल्यम नीलांडर यांनी १८६६ मध्ये पॅरिसमध्ये दाखवून दिले. सालीला घट्ट चिकटणाऱ्या काही जाती शहरात तग धरतात. दाढीसारख्या लोंबणाऱ्या नाजूक जातींना मात्र दमट, जुनी जंगलेच लागतात.

शैवाकाची वाढ वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर. तळहाताएवढा डाग व्हायला कित्येक वर्षे जातात. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रो कारशेडसाठी आरेत दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली. २०२० मध्ये ती कारशेड आपल्या कांजूरमार्गला आणायचे ठरले; २०२२ मध्ये निर्णय फिरला आणि ती आरेतच राहिली. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात रोपे लावता येतात, पण रोपाच्या कोवळ्या सालीवर जुन्या झाडावरची ही वस्ती लगेच बसत नाही. शैवाक वाचवायचे तर जुने झाड जागेवरच वाचवावे लागते.

राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला आता 'वारसा वृक्ष' मानले जाते. तेव्हा आपल्या चर्चच्या आवारातली जुनी झाडे मोजा, त्यांच्या वयाची नोंद ठेवा. सणासाठी खोडांना चुना-गेरू फासू नका. डाग दिसले तर खरवडू नका. वृक्षारोपण जरूर करा, पण आधी उभ्या झाडाची राखण करा.

पाड्यावरच्या आजी ती राखण आयुष्यभर करत आल्या आहेत. त्यांचा आंबा आणि त्यांचे अंगण जागेवर राहावे, यासाठी आपणही त्यांच्या सोबत उभे राहू या.