विक्रीची वेळ कोणाच्या हाती? — बारामती व इंदापूर तालुक्यांतील लहान शेतकरी आणि बाजारपेठ

लहान शेतकऱ्याचा बाजारपेठेशी संबंध कसा जुळतो, या प्रश्नाचा विचार करताना सामान्यतः रस्ते, वखारी व बाजारभावांची माहिती यांकडे लक्ष दिले जाते. या साधनांचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि बारामती व इंदापूर या तालुक्यांचा गेल्या दोन शतकांचा इतिहास पाहिला असता, येथील शेतकऱ्याला बाजार अपरिचित होता असे म्हणता येत नाही. त्याची खरी अडचण, माल केव्हा विकावयाचा हे त्याला स्वतःला ठरविता येत नव्हते, ही होती.

मुंबई इलाख्यातील रयतवारी जमाबंदीची पद्धत इंदापूर तालुक्यात आकाराला आली. प्रिंगल यांची आकारणी रयतेला झेपेना, म्हणून गोल्डस्मिड व विंगेट यांनी नवी पाहणी केली आणि १८३६ साली तीस वर्षांसाठी सारा ठरविला गेला. दर सौम्य झाले, तरी सारा रोख भरावयाचा होता. आणि रोख रक्कम हाती येण्यासाठी सुगी होताच धान्य विकणे भाग होते. १८५८ साली रेल्वे डिकसळपर्यंत आली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) कापूस व धान्य यांचे भाव चढले व पुढे उतरले. त्याच सुमारास तीस वर्षांची मुदत संपून साऱ्यात वाढ झाली. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे, ऐन बाजाराच्या दिवशी, सावकारांच्या दुकानांवर व वह्यांवर लोक तुटून पडले. सुपे ही भरलेली बाजारपेठ होती, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. धान्य घेणारा व कर्ज देणारा बहुधा एकच असल्यामुळे भाव आणि व्याज ही एकाच वहीत मिसळून जात. १८७९ च्या दक्षिणी शेतकरी कायद्याने न्यायालयांना कर्जव्यवहाराच्या मुळाशी जाण्याचा अधिकार दिला. विक्रीची निकड मात्र तशीच राहिली.

नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ च्या सुमारास आले व बागायत टापूत ऊस आणि गूळ यांचा व्यापार वाढला. उसाला खते, बेणे व मजुरी यांसाठी वर्षभर पैसा लागतो. तो पुरविणारा अडत्या ‘उचल’ देई व गूळ आपल्याच दुकानी आणावा अशी अपेक्षा ठेवी. शेतकऱ्याच्या वतीने विक्री करणारा मनुष्यच त्याचा धनको असल्यावर त्याने चढ्या भावासाठी थांबावे कशाला? १९२८ साली शेतकी विषयक शाही आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस केली. १९३९ चा मुंबई कायदा व १९६३ चा महाराष्ट्राचा कायदा यांमुळे उघड लिलाव, खरे वजन व ठरावीक कपात यांना कायद्याचा आधार मिळाला. सौद्याच्या जागी होणारा अन्याय यामुळे कमी झाला; सौद्यापूर्वीच्या उचलीला या कायद्यांचा हात क्वचितच पोहोचला.

सहकारी साखर कारखान्यांनी निराळा मार्ग काढला. तोडलेल्या उसाची साखर दिवसागणिक घटते; त्यामुळे ऊस-उत्पादकाला थांबणे मुळीच शक्य नसते. माळेगाव, सोमेश्वर व भवानीनगर येथे उत्पादकच कारखान्याचे सभासद झाले, म्हणजे थांबण्याची शक्ती व्यक्तीऐवजी संस्थेकडे आली. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार चौदा दिवसांत पैसे देणे व विलंब झाल्यास १५ टक्के व्याज देणे बंधनकारक आहे. तरीही तोडणीची टोळी कोणाच्या फडात प्रथम जाते, या प्रश्नात जुनाच प्रश्न नव्या रूपाने उभा राहतो. एक एकर उसाच्या धन्याला तोड महिनाभर लांबली तर वजनातील घट सोसावी लागते आणि पुढील पिकाचा हंगामही चुकतो.

इंदापूरचे डाळिंब व पेरू यांना थांबण्याची मुदत थोडी असते. २०१६ साली फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियंत्रणातून मुक्त झाला व अडतीचा भार खरेदीदारावर आला. विकण्याच्या जागा वाढल्या. फळाचे आयुष्य मात्र वाढले नाही.

जिरायत भागातील ज्वारी टिकते. तिच्यासाठी राज्य कृषि पणन मंडळाने १९९० पासून शेतमाल तारण योजना चालविली आहे. मालाच्या किमतीच्या ठरावीक हिश्श्यापर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने, १८० दिवसांच्या मुदतीने मिळते. रोगाचे निदान येथे अचूक आहे. परंतु ज्याच्यापाशी विकण्याजोगी चार-सहा पोतीच आहेत, त्याला गोदामापर्यंतच्या भाड्यात व खेपांतच लाभ गमवावा लागतो. येथेच शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्यांचे काम सुरू होते. मात्र माल उतरताच पैसे देण्याइतके खेळते भांडवल कंपनीजवळ नसेल, तर रोख मोजणाऱ्या गावच्या व्यापाऱ्याकडेच सभासद वळणार. आणि त्याला दोष देता येणार नाही.

म्हणून या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांनी मिळालेल्या भावाबरोबर विक्रीची तारीखही नोंदवावी, आणि तिच्याशेजारी देणी फेडण्याच्या तारखा मांडाव्यात. कोणत्याही योजनेने लहान शेतकऱ्याला किती दिवस थांबता आले, हे त्यावरून समजेल. बाजाराशी त्याचा संबंध कोणत्या अटींवर जुळला आहे, याचे ते अधिक विश्वसनीय माप ठरेल.