एक प्यादं जास्त, तरी डाव बरोबरीत कसा?

शालेय बुद्धिबळ स्पर्धेत हॉलबाहेर एक वाक्य हमखास ऐकू येतं : "तुझं एक प्यादं जास्त होतं ना, मग जिंकला का नाहीस?" मूल गप्प. उत्तर पटावर असतं, म्हणून पट घेऊनच बसा.

सहावीतल्या दोन मुलांच्या डावाचा हा शेवट मांडा. पांढरा राजा ई५, त्याच्या पुढे पांढरं प्यादं ई६, काळा राजा ई७. बाकी सगळं मारलं गेलंय. प्यादं आणखी दोन घरं गेलं की वजीर! कुणालाही वाटेल, पांढरा जिंकला.

चाल काळ्याची आहे. त्याला तीनच घरं मोकळी : डी८, ई८, एफ८. यातलं एकच त्याला वाचवतं, आणि स्पर्धेत सोंगटीवरचा हात सुटला की चाल पक्की. समजा तो डी८ वर गेला. मग पांढरा राजा डी६, काळा ई८, प्यादं ई७, काळा एफ७, पांढरा राजा डी७ आणि पुढच्या चालीला वजीर. एफ८ वर गेला तर हेच दुसऱ्या बाजूने.

पण या मुलाने राजा सरळ मागे, ई८ वर नेला. आता पांढरा डी६ वर आला की काळा समोर डी८ वर. प्यादं ई७, शह! काळा परत ई८. आता प्यादं वाचवायला पांढऱ्या राजाला एकच घर, ई६. तिथे गेला की काळ्याला शह नाही, पण चालही नाही. हाच स्टेलमेट, डाव बरोबरीत. न जावं तर प्यादं जातं, तरी बरोबरीच.

म्हणजे अर्धा गुण काळ्याने कमावलाय, नुसता पांढऱ्याने घालवलेला नाही. हे दोन्ही मुलांना सांगायला हवं असं मला वाटतं.

मग पांढऱ्याचं चुकलं कुठे? त्याने प्यादं पुढे पळवलं, राजा मागे राहिला. तेच प्यादं ई५ वर, राजा त्याच्या पुढे ई६ वर आणि काळा राजा ई८ वर असता, तर चाल कुणाचीही असो, पांढरा जिंकतो. (कडेच्या ए आणि एच पट्ट्यांतल्या प्याद्यांना हे लागू नाही, ते नंतर शिकवा.)

घरी तीनच सोंगट्या मांडा, तुम्ही पांढरे घ्या आणि मुलाला काळ्या बाजूने बसवा. ई८ त्याचं त्यालाच सापडू द्या.